नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी चढते, हे कोणाला सांगावयास नको. समजा, धामणगाव बढे येथील पाच घरांतून आपण भाकरीचा एकेक तुकडा आणला, त्यावर थोडे पाणी शिंपडले, पाच पारदर्शक पिशव्यांत ते तुकडे घालून पिशव्यांची तोंडे घट्ट बांधली आणि त्या वर्गातील कपाटात ठेवून दिल्या. चार-पाच दिवसांत तुकड्यांवर कापसासारखी पांढरी लव येईल आणि पुढे तिच्यावर काळे ठिपके दिसू लागतील. आता प्रश्न असा, की ही बुरशी पाचही घरांत एकाच ठिकाणाहून आली, की प्रत्येक घराची बुरशी निराळी? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येणार नाही. भिंगाने पाहिले तरी नाही. शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतील, टाचणीच्या डोक्यासारख्या बीजाणूंच्या पिशव्या दिसतील; पण 'ही पहिल्या घरातली, ही दुसऱ्या घरातली' अशी खूण त्यांच्यावर कोठेही आढळणार नाही.

खरे पाहता ती खूण असते. ती बुरशीच्या पेशीच्या आत असते आणि ती वाचण्याची विद्या आता माणसाला साध्य झाली आहे. विद्यार्थी मित्रांनो, त्या विद्येविषयी आणि त्याहूनही अधिक, त्या विद्येच्या आधी करावयाच्या एका अगदी साध्या कामाविषयी आज मला माझे मत मांडावयाचे आहे.

भाकरीवरच्या या बुरशीचेच एक भावंड २०२१ च्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्राला 'काळी बुरशी' या नावाने माहीत झाले. तुमच्यापैकी जे आज नववी-दहावीत आहेत, ते तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. पण घरातील मोठ्या माणसांना ते दिवस चांगले आठवत असतील. करोनाची दुसरी लाट चालू होती. करोनातून उठलेल्या माणसाचा गाल सुजे, डोळा दुखे, नाकातून काळपट स्राव येई. डॉक्टरांच्या भाषेत या रोगाला म्युकरमायकोसिस म्हणतात. त्या लाटेत तो बहुधा नाक, डोळे आणि मेंदू यांवर घाला घालत होता. परंतु हीच बुरशी फुप्फुसात उतरली तर जीवघेणा न्युमोनियाही करते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले. जुलैमध्ये संसदेत जी माहिती देण्यात आली तीनुसार देशातील रुग्णांची संख्या ४५ हजारांवर गेली होती आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये आघाडीवर होती.

रोग आला तसे तर्कही आले. कोणी म्हणे, ऑक्सिजनची नळकांडी कारखान्यातून आणलेली होती, त्यांत घाण होती. कोणी म्हणे, ऑक्सिजन ज्या बाटलीतील पाण्यातून सोडतात, त्या बाटलीत नळाचे पाणी भरले होते. कोणी मळक्या मास्कला दोष दिला, कोणी वाफारा घेण्याला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा अवाजवी वापर या दोन कारणांना डॉक्टरांच्या अभ्यासातून सर्वांत भक्कम आधार मिळाला. पण ही दोन कारणे 'या माणसाच्या शरीरात बुरशी का फोफावली' एवढेच सांगतात. 'ती कोठून आली' हा प्रश्न वेगळा आहे.

हा प्रश्न आपल्या भागात किती अवघड होतो ते पाहा. धामणगाव बढे परिसरातील एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पहिले तीन दिवस तो घरीच तापाने झोपून होता. मग त्याला मोताळ्याला नेले, तेथून बुलढाण्याला, आणि श्वास अधिकच लागू लागला तेव्हा अकोल्याला. दहा-बारा दिवसांत तीन खाटा, तीन खोल्या, ऑक्सिजनच्या तीन नळ्या. बीजाणू तर घरातल्या कडब्याच्या गंजीपासून रुग्णालयाच्या खिडकीतील धुळीपर्यंत सगळीकडेच असतात. त्याच्या फुप्फुसात गेलेला बीजाणू यांपैकी कोठला? नातेवाईक शेवटच्या रुग्णालयाला दोष देतात, ते रुग्णालय आधीच्या रुग्णालयाकडे बोट दाखविते आणि शेवटी सगळा राग रात्रपाळीच्या परिचारिकेवर निघतो. पुरावा कोणाकडेच नसतो.

आता पुरावा कसा मिळतो ते पाहू. शिक्षकांना हे उदाहरण लगेच पटेल. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना दोन मुलांनी पानिपतची तिसरी लढाई १७६१ साली झाली असे लिहिले, तर त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असे कोणी म्हणणार नाही. ते उत्तर बरोबरच आहे. पण दोघांनीही १७१६ लिहिले, दोघांनीही पुढच्या ओळीत एकच शब्द गाळला आणि दोघांचे गणितही एकाच पायरीवर चुकले, तर गुरुजी काय ते समजतात. बरोबर उत्तरे सर्वांची सारखीच असतात. नाते उघड होते ते सारख्या चुकांवरून.

बुरशीच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक रेणू असतो आणि त्यात ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत तिचा सारा वारसा लिहिलेला असतो. फुप्फुसाला त्रास देणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या या लेखात सुमारे २ कोटी ९० लाख अक्षरे आहेत. माणसाच्या लेखात सुमारे ३०० कोटी. पेशी दुभंगताना या लेखाची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. दोन रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या बुरशींचे लेख यंत्राने वाचून शेजारी ठेवले आणि चुका जवळजवळ सगळ्या सारख्या निघाल्या, तर त्या दोन्ही बुरशी अलीकडेच एका मूळ बुरशीपासून निघाल्या असे समजावे. हजारो अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही. या वाचनालाच जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द तुम्ही वाचला असेल, तो हाच.

रुग्णालयातील बुरशीजन्य न्युमोनियाच्या साथींत या वाचनाने काय हाती लागले, याची दोन उदाहरणे देतो. ती परदेशांतील आहेत. पण त्यांतून मिळणारा धडा आपल्या कामाचा आहे.

पहिले उदाहरण न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी या बुरशीचे. ही मोठी चमत्कारिक बुरशी आहे. अनेक वर्षे तिला प्राणी गटातील आदिजीव समजत असत. १९८८ मध्ये तिच्या रेणूंतील अक्षरे वाचल्यावर ती बुरशी आहे हे कळले. ती फक्त माणसाच्या फुप्फुसात राहते आणि प्रयोगशाळेतील बशीत वाढविणे अत्यंत कठीण जाते. धडधाकट माणसाला ती बहुधा काही करीत नाही. परंतु मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि अशा रुग्णाला ती न्युमोनियाने गाठते. नेदरलँड्समधील लायडेन येथील विद्यापीठ रुग्णालयात मार्च २००५ ते फेब्रुवारी २००६ या काळात मूत्रपिंड रोपण झालेल्या २२ रुग्णांना हा न्युमोनिया झाला. पूर्वी असा रुग्ण तेथे क्वचितच आढळे. संशोधकांनी रुग्णांच्या नमुन्यांतील बुरशीच्या लेखाचा एक छोटा भाग वाचला. बहुतेकांचा तो सारखा निघाला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोणता रुग्ण कोणत्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आला होता, याच्या नोंदी काढून त्यांनी एक तक्ता मांडला, तेव्हा अनेक रुग्ण एकाच काळात एकाच ठिकाणी येऊन गेल्याचे दिसले. रोग एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हवेतून जात असावा, हा संशय त्यामुळे बळावला. झुरिक आणि म्युनिक या दोन शहरांतील रोपण केंद्रांत अशाच साथी झाल्या, त्यांच्यामागे बुरशीचा एकच वाण असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. फ्रान्समधील एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या विभागात म्युकर जातीच्या बुरशीने जखमांत शिरकाव केला. ही फुप्फुसाची साथ नव्हे. पण बुरशी आपल्या काळ्या बुरशीच्या कुळातली. एकाच विभागात, थोड्याच काळात, एकाच जातीची बुरशी आढळली, म्हणजे उगमही एकच असणार असे कोणालाही वाटेल. तिचा संपूर्ण लेख वाचल्यावर मात्र तेथे एक नव्हे, अनेक वाण असल्याचे उघड झाले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन उत्तरांतून दोन निरनिराळे उपाय निघतात, हे ध्यानात घ्या. सर्वांची बुरशी एकच निघाली, तर एखादा उगम शोधून बंद करता येतो किंवा रुग्णांना एकमेकांपासून दूर बसविता येते. न्यूमोसिस्टिसच्या बाबतीत को-ट्रायमोक्साझोल हे जुने आणि स्वस्त औषध आधीच देऊन इतरांना वाचविता येते. बुरशी अनेक प्रकारची निघाली, तर एका नळीला किंवा एका माणसाला दोष देणे व्यर्थ होय. तेव्हा सगळ्या विभागाची हवा, धूळ आणि पाणी पाहावयास हवे, शेजारी चालू असलेले बांधकाम झाकावयास हवे आणि रुग्णाच्या रक्तातील साखर ताब्यात आणावयास हवी. चुकीचे उत्तर धरून बसलो, तर एका निरपराध माणसाची नोकरी जाते आणि बुरशी जागच्या जागीच राहते.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला असे एक यंत्र घेऊन द्यावे. येथेच माझे मत थोडे निराळे आहे. यंत्रे आपल्याकडे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये करोना विषाणूचे लेख वाचण्यासाठी इन्साकॉग हे प्रयोगशाळांचे जाळे देशात उभे राहिले आणि पुण्यातील नामांकित संस्था त्यात होत्या. तळहातावर मावेल एवढे वाचनयंत्रही आता मिळते. माझ्या मते अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. यंत्र पुण्यात असो की अकोल्यात, त्याच्यापुढे वाचण्याजोगा नमुना यावा लागतो आणि तो नमुना कोणाचा, कोठला, कोणत्या दिवशीचा हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते.

हे दिसते तितके सोपे नाही. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतकाचा तुकडा बहुधा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. त्यामुळे तो सडत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास उत्तम राहतो. पण फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते आणि डीएनएच्या धाग्याचेही नुकसान होते. म्हणून त्याच तुकड्याचा दुसरा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठविला पाहिजे. तेथेही एक खुबी आहे. म्युकर कुळातील बुरशीच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात, हे तुम्ही जीवशास्त्रात शिकाल. अशा तंतूंचा तुकडा खलात घोटला, तर तंतू फुटून रिकामे होतात आणि बशीत काहीच उगवत नाही. तो पात्याने बारीक कापावा लागतो. इतकी काळजी घेऊनही पुष्कळदा ही बुरशी बशीत उगवत नाही. मग निष्काळजीपणा केला तर काय होईल?

रुग्णाच्या नमुन्याइतकाच जागेचा नमुना महत्त्वाचा. साथ आली की आपल्याकडे पहिली धाव फिनाईलच्या बादलीकडे जाते. स्वच्छता केलीच पाहिजे. पण तिच्या आधी दहा मिनिटे काढून खिडकीच्या चौकटीवरील धूळ, ऑक्सिजनच्या बाटलीतील पाणी आणि वातानुकूलन यंत्राची जाळी यांचे नमुने घेतले नाहीत, तर रुग्णाची बुरशी ताडून पाहावयाची कशाशी? आणि तिसरी गोष्ट म्हणजे नोंदवही. रुग्ण कोणत्या तारखेला कोणत्या खाटेवर होता, ती खाट केव्हा बदलली, शेजारी भिंत पाडण्याचे काम केव्हा सुरू झाले, या नोंदी नसतील तर दोन बुरशी सारख्या निघूनही काही उलगडणार नाही. दोन उत्तरपत्रिका सारख्या आहेत हे कळले. पण ती मुले एका बाकावर बसली होती की नाही, हे बैठक-तक्त्यावरूनच कळते. आणि कोणी कोणाचे पाहिले, की दोघांनी तिसऱ्याचे पाहिले, हेही नुसत्या उत्तरांवरून ठरत नाही.

म्हणून मी असे म्हणतो, की साथीच्या तपासाचा निम्मा निकाल बाटलीवर चिठ्ठी लावतानाच लागलेला असतो. तो लावणारा हात तालुक्याच्या दवाखान्यातील असतो. तेथील परिचारिकेला आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाला दोन बाटल्या, एक छापील तक्ता आणि दोन दिवसांचे शिक्षण मिळाले, तर एका मोठ्या यंत्राहून अधिक काम होईल. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव नको, क्रमांक पुरे. कोणाचा आजार गावभर होण्याचे कारण नाही. आणि तपासाचा हेतू 'कोण दोषी' हा नसून 'पुढचा रुग्ण कसा वाचेल' हा आहे, असे वरिष्ठांनी आधीच सांगितले पाहिजे. शिक्षेचे भय असेल तेथे नोंदी खऱ्या राहत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रुग्ण तडफडत असताना नमुन्यांचे आणि वाचनाचे हे सोपस्कार कशाला? २०२१ मध्ये तर अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषधच मिळेनासे झाले होते; तेव्हा डॉक्टरांनी औषध शोधावे की बाटल्या भराव्यात? माझे उत्तर असे, की उपचार वाचनासाठी एक तासही थांबवू नयेत. नमुना तर शस्त्रक्रियेत निघतोच. त्याचे दोन भाग करणे हे काही मिनिटांचे काम आहे. वाचन आठवड्यानंतर झाले तरी चालेल. त्याचा लाभ पुढच्या रुग्णाला आहे, आणि तो पुढचा रुग्ण तुमच्या-माझ्या घरातलाही असू शकतो.

आपल्या शेतकरी भागाला या विद्येची आणखी एक गरज आहे. पिकांवरील रोगांसाठी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल अशी बुरशीनाशके आपण फवारतो. अ‍ॅस्परजिलसच्या न्युमोनियावर माणसाला देण्यात येणारी व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधे त्याच घराण्यातली आहेत. शेतातील बुरशीला फवाऱ्याची सवय झाली, तर रुग्णालयातील औषधही तिच्यापुढे लंगडे पडते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की अशी औषधाला न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी आपल्या देशात भाताच्या शेतातील आणि रुग्णालयाच्या बागेतील कुंड्यांच्या मातीतही आहे, आणि तिच्या जनुकीय खुणा रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीशी जुळतात. ब्रिटन व आयर्लंडमधील २१८ बुरशींचे संपूर्ण लेख वाचून २०२२ मध्ये तेथील संशोधकांनीही हेच सांगितले, की माणसाला होणारा औषधरोधी संसर्ग परिसरातून येतो. सोयाबीन आणि कपाशीच्या आपल्या मुलुखातील मातीत काय आहे, हे आपल्याच मातीचे नमुने सांगतील. आणि तेथेही पिशवीवर गाव, शेत, पीक, फवारणी आणि तारीख लिहावीच लागेल.

शिक्षकबंधू-भगिनींनो, म्हणून माझी एक सूचना आहे. वर सांगितलेला भाकरीचा प्रयोग या पावसाळ्यात वर्गात जरूर करावा. पिशव्या एकदा बांधल्यावर उघडू नयेत, दम्याच्या मुलांना दूर बसवावे आणि शेवटी पिशव्या न उघडताच आपण स्वतः त्यांची विल्हेवाट लावावी. बुरशी तर सर्वांच्याच पिशवीत येईल. गुण द्यावयाचे ते पिशवीवरच्या चिठ्ठीला. भाकरी ज्वारीची की बाजरीची, केव्हा भाजलेली, कोणत्या घरातली, स्वयंपाकघरातली की माजघरातली, पाणी कोठले शिंपडले, कोणी बांधली, किती वाजता बांधली, हे सारे ज्याने लिहिले त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. आणि ज्याच्या चिठ्ठीवर नुसते 'भाकरी' एवढेच लिहिलेले असेल, त्याला आठवड्याने हळूच विचारावे, "बाळ, यातली तुझी पिशवी कोणती?"